भोंगा वाजला नाही

वैशाखात हिंगोलीकडच्या त्या गावाचा सगळा माळ पिवळा दिसायचा. शिजवलेली हळद तिथे वाळत घातलेली असायची. पूर्वी लोक आभाळाकडे बघत बसायचे. आता ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर भरवसा टाकून दुपारी निवांत झोपत.

ग्रामपंचायतीत वीजवेध यंत्र बसवलं होतं. ढगांतला विद्युतभार मोजून, वीज कोणत्या शेतात पडणार ते तासभर आधी सांगायचं. यंत्र चुकत नसे, चुकत होती माणसं. माळावर वीज पडणार आहे, कुणी फिरकू नका, असं यंत्र सांभाळणारी सुनंदा भोंग्यावरून बजावायची आणि लोकांना त्यातलं एवढंच ऐकू यायचं, की पाऊस येतोय. मग ताडपत्र्या घेऊन अख्खं गाव माळाकडे धावायचं. वर्षाची हळद भिजली तर खायचं काय? गेल्या आठवड्यात अशाच धावपळीत केरबा नाईकवाडे वीज पडून गेला. आपण बोललो नसतो तर तो घरी झोपलेला असता, हा विचार तेव्हापासून सुनंदाची पाठ सोडत नव्हता.

आज जेवणवेळ टळल्यावर यंत्राच्या पडद्यावरचा माळ पुन्हा लाल झाला. सुनंदाने खिडकीतून पाहिलं. गल्ली सामसूम होती. समोरच्या घराच्या ओट्यावर तिचा दीर गजानन घोरत होता. माळावर चिटपाखरू नव्हतं. भिजू दे हळद, माणसं तरी राहतील, असं स्वतःशीच म्हणत तिने माइक बंद केला. खिडकीही लावून घेतली. किती दिवसांनी तिला हलकं वाटलं.

तासाभराने माळाच्या बाजूला कडकडाट झाला आणि ऑफिसची तावदानं थरथरली.

संध्याकाळी गजाननला बाजेवर घालून आणलं. अंगावर धड जखमही नव्हती. पाय तेवढे ओल्या हळदीने माखले होते. त्याची बायको, सुनंदाची जाऊ इंदू, उशाशी बसून होती. तिला रडू फुटत नव्हतं.

"ढग बघून उठले, अक्का," ती म्हणाली. "मी म्हणलं, नका जाऊ. तर हसले. म्हणले, भोंगा कुठं वाजलाय अजून? तासभर तरी काही होत नाही. सावकाश झाकून येतो."

सगळं सांगून टाकावं म्हणून सुनंदा तिच्याजवळ सरकली. तिने इंदूचा हात धरला.

इंदूने मान वर केली. "यंत्र बिघडलं होतं का हो, अक्का?"