ओढ्याच्या अलीकडचं ‘निवांत’

मास्तर गेल्याचं मंगळवारी सकाळी अकराला कळलं. त्यांच्या छातीत कळ आल्यावर त्यांच्या बायकोने, वहिनींनी, लगेच फोन केला होता, पण अँब्युलन्स सतरा मिनिटं उशिरा पोचली.

दोन दिवसांनी वहिनींनी निवृत्त पोस्टमनला बोलावलं.

“भाऊजी, इथलं दार न् दार तुम्हाला ठाऊक. गाडी भलतीकडे का गेली, तेवढं शोधा. ज्याची चूक, त्याने माझ्यासमोर येऊन कबूल करावी. दुसरं काही नको मला.”

त्याची बायको गेली तेव्हा महिनाभर याच घरातून त्याला जेवण आलं होतं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. ओढ्यावरचा पादचारी पूल उतरून तो घरी आला. फाटकावर जिथे पाटी होती तिथे खिळ्यांची दोन भोकं होती. त्याने नेहमीप्रमाणे तिकडे न बघता कडी लावली.

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला कामावरून घरी बसवलं होतं. पोस्टमन आधी त्याच्याकडे गेला.

“प्यायला होतास?”

“चहा सोडून काही पीत नाही, काका. बाईंनी फोनवर घराचं नाव सांगितलं, ‘निवांत’. ते नकाशात टाकलं, तर त्याने ओढ्याच्या अलीकडे नेलं. घराला कुलूप! हॉर्न वाजवून मुडदे उठायची वेळ आली, पण दार उघडेना.”

“पाटी वाचायची की.”

“वेलीने झाकलेली. मग कुणीतरी म्हणालं, निवांत पलीकडे. पादचारी पुलावरून गाडी जाते का? मोठ्या पुलावरून वळसा घातला. आता नोकरी गेली तर घरी काय सांगू?”

तो नकाशा लोकांनीच बनवलेला. वाचनालयातल्या मंडळींनी उपग्रहाच्या चित्रावरून घरांच्या चौकटी काढल्या, मग वह्या घेऊन गल्लोगल्ली नावं लिहून आणली. पोस्टमनही त्यात होता.

ग्रंथपालबाईंनी संगणकावर नोंदींचा इतिहास उघडला. “नावं मीच चढवली. पण मनची नाहीत हो! वहीत ज्या ओळीने होती, त्याच ओळीने चौकटींत भरली.”

“एकच चुकलंय?”

“नाही. पहिली तीन घरं बरोबर. चौथ्यापासून पुढे प्रत्येकाला त्याच्या पुढच्या घराचं नाव. आणि शेवटची चौकट रिकामी.”

“वही दाखवा.”

बाईंनी वही पुढे ठेवली आणि खिडकीकडे बघत राहिल्या. घरं नऊ, नावं आठ. निळ्या शाईतलं टपोरं अक्षर.

पोस्टमनने चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. आठच.

दुसऱ्या दिवशी अँब्युलन्सच्या कचेरीत साहेबासमोर ड्रायव्हर आणि ग्रंथपालबाई बसल्या होत्या. पोस्टमन उभाच राहिला.

“साहेब, चोर शोधायला निघालो आणि आरशासमोर येऊन थांबलो. अक्षर माझं आहे. तीस वर्षं टपाल वाटलं. ज्याचं पत्र नाही ते घर ओलांडायचं, ही पायांची सवय. चौथं घर माझं. पाटीवर बायकोचं नाव होतं, ती गेल्यावर बघवेना, म्हणून उपटली. घराला नाव नाही, म्हणून वहीत ओळ नाही. निदान मोकळी ओळ सोडायला हवी होती. ती सोडली नाही, म्हणून पुढची सगळी नावं एकेक घर मागे सरकली. पाचव्या घरानंतर ओढा येतो. मास्तरांचं घर सहावं, पलीकडचं. त्याचं नाव पाचव्यावर, अलीकडे येऊन बसलं. मी पायी हिंडणारा. गाडीला वळसा पडतो, हे डोक्यातच आलं नाही.”

“मीही घरं मोजायला हवी होती,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही वाटेकरी होऊ नका. आणि ह्याला मी तोंडावर विचारलं, प्यायला होतास का म्हणून.”

साहेबाने पुढे सरकवलेल्या गाडीच्या किल्ल्या ड्रायव्हरने उचलल्या आणि तो निघून गेला. पोस्टमनची मान वर झाली नाही.

त्याच संध्याकाळी नकाशावरची नावं दुरुस्त झाली. पुलावर वहिनी भेटल्या.

“लागला का पत्ता, भाऊजी?”

“शोधतोय,” तो म्हणाला.

त्याला आज तीन आठवडे झाले. वहिनींना सांगायचं अजून राहिलं आहे.