काचेपलीकडची विजयमाला

"पांढरा डिस्टेंपर आहे?"

"हाय की. किती घर रंगवायचंय?"

"घर नाही… एकच भिंत."

दुकानातल्या तरुणाने मान वर केली. चुन्याने पांढरे झालेले हात, कपाळावर निळ्या रंगाचा फराटा आणि डोळ्यांत मोकळं हसू. "मग बाकीच्या तिघींनी तुमचं काय घोडं मारलंय?"

विजयमालाला हसू आलं, आणि नवलही वाटलं. मुंबईत ती दुकानात शिरली की लोक लगेच ओळखायचे – "अहो, तुम्ही टीव्हीवरच्या ना?" सोलापूरजवळच्या वैराग गावच्या हिंदुराव मास्तरांची ही मुलगी गृहविज्ञान शिकायला मुंबईला गेली आणि तीन वर्षांपूर्वी टीव्हीवर पोचली. एखाद्या जुन्या घरात जायचं, ते सजवायचं, आधीचं आणि नंतरचं रूप दाखवायचं, असा तिचा दर गुरुवारचा कार्यक्रम. पण १९७७ साली सोलापुरात टीव्ही दिसतच नव्हता. इथे ती कुणीच नव्हती… आणि ते तिला फार बरं वाटलं.

"भवानी पेठेत अक्कम्मांच्या घरी जायचंय. कसं जाऊ?"

तो रंगाचा डबा उचलून पायरी उतरला. "चला. ती माझी अव्वा."

त्याचं नाव मल्लिनाथ. आई, म्हणजे अव्वा, कडक भाकरी करून विकायची. अक्कम्माच्या परळच्या भावाने टीव्हीवाल्यांना पत्र टाकलं होतं, म्हणून या घराची निवड झाली होती.

दुसऱ्या दिवशी दोन खोल्यांचं ते घर ओळखू येईना. कॅमेऱ्यात दिसणारी भिंत पांढरीशुभ्र झाली. निळे पडदे आले, सोफा आला, काचेची शोकेस आली. अक्कम्माने पिठाचे हात पुसून सोफ्याला दोन बोटं लावून पाहिली. मग शेजारच्या नागम्माला हाताला धरून घेऊन आली. "बघ गं, मुंबईवाल्यांनी दिलं!"

सोफा आणि शोकेस एका दुकानातून फक्त शूटिंगपुरती आणली होती. ही पद्धत विजयमालानेच पाडलेली. तेव्हाच सांगायला हवं होतं… तिने सांगितलं नाही. कॅमेऱ्याकडे बघून ती गोड हसली आणि म्हणाली, "पाहा, अक्कम्मांचं घर कसं बदललं!"

दुपारी चारला सामान परत न्यायला हातगाडी दारात आली.

शोकेस उचलताना काच फुटू नये म्हणून अक्कम्माने आतून स्वतःची चादर आणली आणि नीट गुंडाळून दिली.

"दर वेळी असंच करता?" मल्लिनाथने हळूच विचारलं.

"काहीतरी दाखवायला तर हवं ना… लोक बघून शिकतात."

"लोकं शिकतात. आणि अव्वा?"

संध्याकाळच्या गाडीने शूटिंगची बाकीची मंडळी मुंबईला गेली. विजयमाला मात्र शाळेतल्या एका मैत्रिणीकडे राहिली आणि सकाळी अक्कम्माच्या दारात येऊन उभी राहिली.

"अक्कम्मा, तुम्हाला घरात खरं काय हवंय?"

म्हातारीने गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाली, "गुडघे लई दुखतात गं. खाली बसून भाकरी होत न्हाईत. उभं ऱ्हाऊन करायला मिळाल्या तर…"

बस, एवढंच! मल्लिनाथने विटा आणल्या, शहाबादी फरशी आणली. विजयमालाने पदर खोचला.

"पुस्तकात ओट्याची उंची बत्तीस इंच दिलीय," ती म्हणाली.

"पुस्तकातली बाई उंच असंल. अव्वा माझ्या खांद्याला बी लागत न्हाई."

तिने अक्कम्माला उभं करून हवेतच भाकरी थापायला लावली आणि हाताच्या तळव्यापासून जमिनीपर्यंत टेप धरली. अठ्ठावीस इंच. ओटा अठ्ठावीस इंचांचाच झाला.

"बाई, तुमच्या नाकाला सिमेंट लागलंय."

"कुठे?"

"तिकडं न्हाई… इकडं…" त्याचा हात वर आला आणि मधेच थबकला. "ऱ्हाऊ दे. चांगलं दिसतंय."

तिचे कान तापले. "आणि मला बाई म्हणू नका. विजयमाला म्हणा."

"लई लांब नाव हाय की."

"मग लहान करून घ्या."

त्याने थापी बाजूला ठेवून विचार केला. "नको. लांबच बरं. म्हणायला जरा वेळ लागतो…"

दोन दिवस कसे गेले कळलंच नाही. स्टेशनावर गाडी हलली तेव्हा तो काहीतरी बोलणार होता… पण नुसता हात हलवत राहिला.

गुरुवारी घराचं चित्रण दाखवून झालं आणि कॅमेरा स्टुडिओत तिच्यावर आला. विजयमाला हसली नाही. "हा सोफा त्याच दिवशी परत गेला," ती म्हणाली. "शोकेससुद्धा. आजवर मी दाखवलेल्या बहुतेक घरांत असंच झालंय. चूक माझी आहे. अक्कम्मांना सोफा नको होता, ओटा हवा होता, आणि मी आधी विचारलंच नव्हतं."

वरिष्ठांनी कार्यक्रम थांबवला. पुन्हा सुरू होईल की नाही, कुणी सांगेना. अशातच सोलापूरहून एक कार्ड आलं.

'गुरुवारी पुण्याला गेलो होतो. दुकानाच्या काचेतून टीव्हीवर तुम्हाला बघितलं. दार बंद होतं, आवाज येत नव्हता. तुम्ही हसत नव्हता. डोळ्यांत पाणी होतं का? कुणी काही बोललं का तुम्हाला? कळवा. ओटा वाळला. अव्वा रोज उभी राहून भाकरी करते. – मल्लिनाथ.'

तिने ते कार्ड तीनदा वाचलं. सोलापूरहून पुणे… तेही काचेबाहेर उभं राहायला!

रविवारी ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती.

"पत्राला पत्रानं उत्तर देत्यात," तो कसाबसा म्हणाला.

"मला लिहिता येईना." तिने त्या गुरुवारचं सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

"माझ्या एका बोलण्यानं तुमचं काम गेलं?"

"तुमच्या नाही… अक्कम्मांनी दिलेल्या चादरीने गेलं. आणि परत सुरू झालं तर मी जाणार आहे, मल्लिनाथ. मला ते काम आवडतं. आता खरं करून दाखवायचंय."

"जायलाच पायजे."

"तुम्ही पुण्याला का गेलात?"

तो काउंटरवरची चुन्याची पूड बोटाने सारखी करत राहिला. मग म्हणाला, "तुमी गेल्यापास्नं करमत न्हाई. म्हटलं, नुसतं बघून तरी येऊ… बघितलं, तर जास्तच झालं."

विजयमालाने त्या पांढऱ्या बोटांवर आपला हात ठेवला. "मलाही करमत नाही," ती म्हणाली. "वैरागला येता? आबांना भेटायला?"

"कधी?"

"बस दीडची आहे."

त्याने भरदुपारी दुकान बंद केलं.

लग्नाचं ऐकून आबा, म्हणजे हिंदुराव मास्तर, दोन दिवस बोलले नाहीत. मुलगा वेगळ्या समाजाचा, घरात कानडी बोलणारा. तिसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता सोलापूरला गेले, अक्कम्माच्या हातची भाकरी खाऊन आले आणि म्हणाले, "माणसं सरळ हायेत."

दोन महिन्यांनी कार्यक्रम परत सुरू झाला. ओटा कसा बांधायचा ते दाखवा, अशी पत्रंच इतकी आली होती! लग्नानंतरही विजयमाला महिन्यातून दोनदा मुंबईला जायची आणि विटा-सिमेंटचं काम सांभाळायला मल्लिनाथ सोबत असायचा. पडद्यावर तो एकदाही आला नाही. पण बोलता बोलता ती मधेच कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघायची, आणि टीव्हीसमोर बसलेल्या बायका एकमेकींना म्हणायच्या – ही हल्ली हसते किती छान!