रिकामा पाळणा

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. बाळंतपणात नोकरी सोडली. एकोणऐंशीत आम्ही वाशीच्या नव्या बिल्डिंगीत तळमजल्यावर राहायला आलो. नंदकिशोरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, गाव तिथून चालत वीस मिनिटांवर, मिठागराला लागून. भराव टाकत शहर पुढे सरकत होतं, पण गाव आणि मिठागराचा एक बांध अजून शिल्लक होता.

त्या बांधावर एक दगड होता. त्यावर इंग्रजीत 'म्युरिअल, वय बारा दिवस' एवढंच कोरलेलं. मिठागरावर देखरेखीला असलेल्या कुणा गोऱ्या साहेबाची मुलगी म्हणे. गावात मुलीचं बारसं असलं की आधी रिकामा पाळणा एकदा हलवून त्या मेलेल्या पोरीचं नाव घ्यायचे, मग आपल्या बाळाला पाळण्यात घालायचे. माझ्या मुलीच्या बारशाला सासूबाई, सगुणाबाई, दोरी धरून उभ्या राहिल्या तेव्हा मी सरळ सांगितलं, "हे चालणार नाही. रिकामा पाळणा हलवू नये असं एरवी तुम्हीच सांगता ना?"

"तिचा नाव आदी घेतला नाय, त ती दुसऱ्याचा घेते," सासूबाई म्हणाल्या.

"घेऊ दे की. बघू."

ठरलेलं नाव शर्वरी. पुतळा, माझी नणंद, बाळाच्या कानाशी वाकली. आत्याचा मान तिचा. बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले आणि पुतळा तशीच वाकून राहिली. "वहिनी, काय ठरलाय गो?" तिने हळूच विचारलं. घुगऱ्या करताना सकाळी तिनेच ते नाव सगळ्यांना सांगितलं होतं. शेवटी मीच मोठ्याने घेतलं.

मग नंदकिशोर जन्माची नोंद करायला गेला आणि तसाच परत आला. "अगं, नाव काय ठरलं होतं?" सासूबाई नुसतंच 'बाय' म्हणायच्या. शेजारीण रोज नव्याने विचारायची. मुलगी माझ्याही हाकेला मान वळवेना. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मी लाल पेन्सिलीने भिंतीवर वीतभर अक्षरांत नाव लिहून ठेवलं. आठ दिवसांत लोणा आला, मिठाचा पांढरा थर. मिठागरावर भराव टाकून बांधलेली बिल्डिंग, लोणा यायचाच, एवढं मलाही कळतं. पण तो फक्त त्या तीन अक्षरांवर आला होता, बाजूची भिंत कोरडी ठणठणीत. मी खरवडून पुन्हा लिहिलं. पुन्हा आला. पुन्हा लिहिलं. मीही इरेला पेटले होते.

अकरा महिने असे काढले. एका दुपारी ती रांगत पलंगाच्या कडेला आली. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि काहीच आठवेना. तिला झेलून भिंतीकडे धावले. भिंत पांढरी.

मी घाबरले. पोटच्या पोरीचं नाव मला येत नव्हतं. मग असा संताप आला की रडू आटलं.

दुसऱ्या दिवशी फोर्टातल्या लायब्ररीत जाऊन नावांचं पुस्तक काढलं. जिच्याशी भांडायचं तिची माहिती तरी असावी. म्युरिअल हे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या गेलिक भाषेतलं मुलीचं जुनं नाव. त्यात शब्द दोन. एकाचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा लख्ख. मधली कित्येक शतकं लोक ते जवळजवळ विसरले होते, मग पुन्हा ठेवू लागले. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं.

भर दुपारी, ओहोटीच्या वेळी, मुलीला कडेवर घेऊन बांधावर गेले. दगडासमोर कागद वाचला.

"समुद्रासारखी लख्ख, असा तुझ्या नावाचा अर्थ आहे. तुला कुणी सांगितला नसेल, बारा दिवसांत कोण सांगणार? घे, तुझं तुला पोचलं. आता माझ्या मुलीचं परत कर. हवंच असेल तर मोठ्या माणसाचं घे. दूधपित्या पोरीशी काय लढतेस?"

वारा नव्हता.

कागद माझ्या हातातून ओढला गेला. हळूच, तान्हं मूल ओढतं तसा.

मी मागे वळून पाहिलं नाही.

वेशीवर सासूबाई उभ्या होत्या. "शर्वरी!" त्यांनी लांबूनच हाक मारली. मुलीने मान वळवली आणि हसली. मी तिथेच बसून रडले.

आता ती चार वर्षांची आहे. नाव विचारलं की खणखणीत सांगते. घरात मी 'अगं', 'वहिनी', 'सूनबाई', 'आई'. त्यामुळे तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. परवा नोकरीचा अर्ज भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यात पेन थांबलं. लग्नात ताटातल्या तांदळात लिहून बदलायचं म्हणत होते, तेव्हा सगळ्यांशी भांडून राखलेलं माझं नाव.

"सांग रे," नंदकिशोरला म्हटलं.

तो हसला. मग हसू गेलं. उठून त्याने ट्रंकेतून आमची लग्नपत्रिका काढली.

मला पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर हेच करीन.

पत्रिकेत त्याचं नाव होतं, माझ्या वडिलांचं होतं. 'चि. सौ. कां.' छापलेलं होतं. पुढे चार बोटं कोरा कागद, आणि मग, 'हिच्याशी'.