दोन चमचे घुटी

वच्छलाबाईंना नातीच्या घुटीतून मिळणार होतं काय, तर दिवसभराची शांतता. सून दीपिका सकाळीच धानाच्या रोवणीला जायची. नात झोपून राहिली की म्हातारीचं घरकाम उरकायचं. कुरखेड्याकडे याला कोणी हाव म्हणणार नाही.

तीन महिन्यांची दिव्यानी आमच्या दवाखान्यात आली ती झोपलेलीच. ताप नाही, खोकला नाही. एक श्वास घेतला की दुसऱ्याची वाट बघायला लावायची. डॉक्टर माधवी मॅडमनी पापणी उचलून टॉर्च मारला. बाहुली मोहरीपेक्षा बारीक.

"आजी, घुटीत काय उगाळता?"

"हळकुंड, वेखंड, मुरडशेंग."

"आणि?"

म्हातारीनं पदर सारखा केला. "अफूच्या बोंडाचा येक येढा. आमी सारे त्याच्यावरच वाढलो. तुमी काऊन घाबरून राह्यल्या?"

"एका वेढ्यानं एवढं होत नाही, आजी."

मॅडमनी अफू उतरवणारं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं दिव्यानी रडली, मग दीपिकाही. वच्छलाबाई मात्र दाराकडे बघत होत्या.

"सिस्टरबाई, मी दोघायची उगाळतो न," त्या मला हळूच म्हणाल्या. "येक चमचा हिचा, येक निकेशचा. नाई ठेवला त पाळण्यापाशी उभा राह्यते. मांगते. मंग चमचा रिकामा होते."

निकेश दिव्यानीचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी, तीन महिन्यांचा असताना, याच खाटेवर गेला. तोही झोपलेलाच आला होता. मी त्याची पापणी उचलली नव्हती. तेव्हाच्या डॉक्टरांना न्यूमोनिया मीच सुचवला. त्यांनी लिहिला.

म्हातारीचं बोलणं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी उलगडा केला: निकेश गेला हे म्हातारी विसरते, दोन्ही चमचे हिलाच पाजते. पटण्यासारखं होतं. मला तर पटवूनच घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दीपिकानं घुटीचं सगळं सामान आणलं. सहाण, उरलेलं बोंड, प्लास्टिकचे दोन चमचे. औषधाच्या बाटलीसोबत आम्हीच देतो तसले.

एक गुळगुळीत होता.

दुसऱ्याची कड चावलेली. वर चार, खाली चार, तांदळाच्या कणीएवढ्या खुणा.

"घरी दुसरं लेकरू आहे?"

"नाई जी," दीपिका म्हणाली. चमच्याकडे तिनं बघितलं नाही.

मी दिव्यानीच्या तोंडात बोट फिरवलं. नुसत्या हिरड्या.

ती वाचली. आठवड्यानं घरी गेली. शांतता आम्हा दोघींना मिळाली होती. म्हातारीला दिवसाची, मला कागदावरच्या न्यूमोनियाची. किंमत एकट्या निकेशनं दिली.

तो गेला तेव्हा त्याला एकही दात आला नव्हता.