उशाला घेतलेले हात

खलाशानं पहिला घाव मानेवर घातला, दुसरा पाठीत, आणि पुढचे त्याचे त्यालाही आठवत नव्हते. हत्यार म्हणजे बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा. जागा धक्क्यावरची जाळ्यांची खोली, वेळ भर दुपारची. बर्फवाले धावत आले तेव्हा बोटीचा कप्तान, ज्याला सगळे तांडेल म्हणत, जाळ्यांच्या ढिगावर चिंधड्या होऊन पडला होता. खलाशी शेजारीच बसला होता.

"मी मारला," तो म्हणाला. "आणि बरं झालं मारला."

आता बोला. मारणारा स्वतः सांगतोय, हत्यार हातात आहे, बघणारे आहेत. अशा प्रकरणात गुप्तहेराचं काय काम? तरी दुसऱ्या दिवशी सकाळी खलाशाची थोरली बहीण टाचणीबाईंच्या दारात उभी राहिली.

टाचणीबाईंचं खरं नाव गल्लीत कोणी घेत नसे. बाईंची नजर टोचायची, जीभ त्याहून जास्त, म्हणून टाचणी. सोबत त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावोजी, असत. पोस्टातून निवृत्त झालेले, पोटानं मोठे आणि डोक्यानं सावकाश. "वहिनी, जरा थांबा" हे त्यांचं आवडतं वाक्य.

"भाऊ तापट आहे, मी नाही म्हणत नाही," बहीण म्हणाली. "खोल समुद्रात त्याच्या हातात माशाचा काटा गेला. हात सुजला, ताप चढला, तरी तांडेलानं बोट माघारी आणली नाही. किनाऱ्याला लागले तोवर दोन बोटं सडली होती. दवाखान्यात कापून टाकली. तेव्हा हा चार लोकांत ओरडला, तुला जिवंत सोडणार नाही म्हणून. सगळं खरं आहे."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"आई गेल्यावर मीच वाढवलाय त्याला. फासावर जाईल हो तो." तिनं पदरानं नाक पुसलं. "काल कोठडीत भेटले. अंगात तोच शर्ट होता. माणसाच्या चिंधड्या केल्या म्हणतात, आणि शर्टावर रक्ताचा डाग शोधून सापडत नव्हता."

"बदलला असेल," भावोजी म्हणाले.

"कोठडीत काय कपाट असतं, भावोजी?" टाचणीबाईंनी चपला पायात सरकवल्या.

खलाशी कोठडीच्या भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताला बँडेज, त्यातून वास मारत होता.

"कसा झोपला होता तांडेल?" बाईंनी विचारलं.

"कुशीवर. दोन्ही हात उशाला घेऊन, जहागीरदारासारखा." बोलताना तो बँडेजकडे बघत होता. "माझी बोटं गेली, आणि हा हात उशाला घेऊन झोपतो. तेच बघून डोकं फिरलं माझं."

"ओरडला तो? हात आडवा घातला?"

"हललासुद्धा नाही."

"तो तिथं झोपलाय हे तुला सांगितलं कोणी?"

खलाशानं मान फिरवली. "ज्यांनी मला दवाखान्यात नेऊन उरलेला हात वाचवला, त्यांचं नाव यात नको."

मुडदेघरात प्रेत पांढऱ्या चादरीखाली होतं. गुन्हा कबूल असल्यामुळे डॉक्टरांना घाई नव्हती. चिरफाड उद्यावर टाकली होती. टाचणीबाईंनी चादर उचलली. मानेचं मांस उघडं पडलं होतं, पाठीत बोट जाईल एवढी भोकं होती, आणि सगळ्या जखमांच्या कडा फिकट, कोरड्या होत्या. दोन्ही नडग्या मात्र सोलवटल्या होत्या आणि तिथलं रक्त साकळून काळं झालं होतं.

भावोजींनी नाकाला रुमाल लावला. "हातातलं लोखंडी कडंसुद्धा काळंठिक्कर पडलंय बघा. खाऱ्या पाण्यात काही टिकत नाही."

"लोखंडी आहे का ते?" बाई म्हणाल्या आणि चादर परत ओढली.

तांडेलाची बायको स्वयंपाकघरात चुलीशी बसून होती. तिला काहीच सुचत नव्हतं. टाचणीबाई तिच्याजवळ खाली बसल्या.

"झोप कशी होती हो यांची?"

"कसली झोप? जन्मभर जाळी ओढून हातांच्या नसा गेल्या होत्या. आडवं झालं की हात बधिर व्हायचे, मग आग आग. खाटेवरून दोन्ही हात खाली लोंबते सोडायचे, तेव्हा कुठे डोळा लागायचा. बोटीवर पण तेच." तिनं चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. "बोट लागली त्या दिवशी लेकीनं पहिल्या पगारातून चांदीचं कडं आणलं. ते घालायलासुद्धा बोटं नीट वळत नव्हती."

"काही बोलले होते का?"

"सोमवारी बंदराच्या मोठ्या साहेबांपुढे चौकशी होती, त्या पोराच्या बोटांची. म्हणाले, जे आहे ते सांगून मोकळा होतो. काय आहे, ते मला सांगितलं नाही."

बोटीच्या ड्रायव्हरशी बोलायचं म्हणजे बोंब ठोकायची. इंजिनानं त्याचे दोन्ही कान खाल्ले होते. डोळेही लालभडक. भावोजी दोन पावलं मागे सरकले.

"डोळे साथीत आलेले नाहीत हो," ड्रायव्हर हसला. "समुद्राच्या उन्हानं बुबुळाजवळ मांस वाढलंय, वर्षं झाली त्याला. बोटीवर सगळ्यांचंच काही ना काही गेलेलं असतं. तांडेलाचे हात, माझे कान."

"बोट मागे का नाही वळवली?" बाई त्याच्या कानाशी ओरडल्या.

"वळवली की. पोराला ताप चढला तशी तांडेलानं बोट किनाऱ्याकडे घातली. मग वायरलेस घेतला. काय बोलणं झालं ते मला कसं ऐकू येणार? पण त्यानं फळीवर मूठ आपटली, आणि बोट परत समुद्राकडे वळवली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा रडत होता."

"मासळीचा खण दाखवा."

खण म्हणजे बोटीच्या पोटातली मासळी साठवायची खोली. त्याचं झाकण सताड उघडं होतं. आतून घाण वर येत होती, पण पातळ झालेली.

ड्रायव्हर चपापला. "हे कोणी उघडलं? बर्फ संपला होता, तळाची मासळी कुजली होती. बोट लागल्यापासून झाकण बंद ठेवून आम्ही पंपाची वाट बघतोय. कुजक्या मासळीचा गॅस वाईट. गेल्या वर्षी शेजारच्या बोटीचे दोघे असेच उतरले, एका श्वासात गेले."

"मालक येतात का बोटीवर?"

"ते? बोटी वडिलांकडून आयत्या मिळाल्या. जाळ्याला हात लावलेला नाही कधी. वासानंच मळमळतं त्यांना."

मालक कार्यालयात पडदे ओढून, काळा चष्मा लावून बसले होते. खुर्चीत मागे रेललेले, दोन्ही हात डोक्यामागे गुंफलेले.

"डोळे आलेत कालपासून," ते म्हणाले. "तो दिवा घालवा हो कोणी. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात."

भावोजी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"तांडेल भला माणूस होता, पण लोभी. खण भरल्याशिवाय परतायचा नाही. पोराला शेवटी मीच उचलून दवाखान्यात नेलं. काल तर मी धक्क्याकडे फिरकलोसुद्धा नाही. बोटीवर जाऊन मला वर्ष झालं."

टाचणीबाई गोड हसल्या. बाई गोड हसल्या की भावोजी आधी पळायची वाट बघून ठेवत.

दुसऱ्या दिवशी जाळ्यांच्या खोलीत इन्स्पेक्टर, मालक, ड्रायव्हर, तांडेलाची बायको आणि ती बहीण जमले. बेड्या घातलेला खलाशी दाराशी उभा होता.

"यानं खून केलेला नाही," टाचणीबाई म्हणाल्या. "यानं प्रेतावर आकडा चालवला."

"बाई, तो स्वतः कबूल करतोय," इन्स्पेक्टर वैतागले.

"त्याला ठाऊकच नाही. जिवंत माणसाच्या मानेत आकडा घातला तर रक्ताची चिळकांडी उडते. याचा शर्ट कोरडा, जखमांच्या कडा फिकट. रक्त आलं होतं ते फक्त नडग्यांतून. म्हणजे नडग्या फुटल्या तेव्हा तांडेल जिवंत होता, मान फुटली तेव्हा नव्हता."

"वहिनी, जरा थांबा. मग मेला कशानं?"

"तुम्ही पाहिलेल्या लोखंडी कड्यानं ते सांगितलं, भावोजी. ते चांदीचं होतं, कोरं करकरीत. कुजक्या मासळीचा गॅस चांदी काळी करतो. तांडेलाला खणाचा धोका माहीत होता. तो आपण होऊन उतरला नसता. कोणाला तरी मासळी दाखवायला झाकण उचलून तो काठाशी वाकला आणि त्यानंच मागून ढकललं. काठावर नडग्या सोलल्या, आत पडला, वरून झाकण पडलं. बाकी काम गॅसनं केलं."

तांडेलाच्या बायकोनं डोळे मिटून घेतले.

"पण प्रेत खणात सापडलं असतं तर चौकशी आपल्यावर आली असती. म्हणून मारेकऱ्यानं झाकण उघडून ठेवलं, गॅस थोडा ओसरल्यावर श्वास कोंडून खाली उतरला, दोरी बांधून प्रेत कप्पीनं वर ओढलं, आणि बर्फाच्या हातगाडीवर ताडपत्रीखाली घालून इथं आणलं. सुट्टीचा दिवस, दुपारी बर्फवाले येईपर्यंत धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. मग एका चिडलेल्या माणसाला जाऊन सांगितलं, बघ, तो तिथं निवांत घोरतोय. उरलेल्या गॅसनं श्वासाचं काही केलं नाही, पण डोळे सोडले नाहीत. डोळे जळतात, उजेड सोसत नाही, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात."

"ड्रायव्हरचे डोळे बघा की," मालक म्हणाले.

"ते वर्षानुवर्षांचे, तुमचे परवापासूनचे. शिवाय ड्रायव्हर तांडेलाबरोबर एका केबिनमध्ये झोपायचा. त्यानं प्रेत असं झोपवलं नसतं. बधिर हातांचा माणूस हात उशाला घेत नाही. जाळी ओढणाऱ्या कोणालाही हे कळतं, हा पोरगा तेवढा रागानं आंधळा झाला होता. ज्यानं जाळं कधी ओढलं नाही, त्यानं आपल्याला जसं सुख वाटतं तसं त्याला निजवलं. मालक, हात खाली घ्या. आत्तासुद्धा डोक्यामागेच आहेत."

मालकांचे हात खाली आले ते थेट खिळ्याला टांगलेल्या, जाळी कापायच्या सुरीवर. ती घेऊन ते बाईंच्या अंगावर धावले. पातं बाईंच्या दंडातून फाडत गेलं. ड्रायव्हरनं जवळचा लोखंडी पाना उचलला आणि मालकांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं, ड्रायव्हर सोडून. त्यानं पुन्हा हाणला. भावोजी, जे कधी घाई करत नसत, ते मालकांच्या छातीवर जाऊन बसले आणि इन्स्पेक्टरनं बेड्या घालेपर्यंत उठले नाहीत.

"तीनदा परवानगी मागितली त्यानं," मालक खालून गुरगुरत होते. "अर्ध्या खणावर बोट परत आणू? आणि वर साहेबांपुढे माझं नाव घेणार होता."

खलाशी भिंतीला धरून खाली सरकला. "म्हणजे तांडेल माझ्यासाठी..."

"परत येत होता," टाचणीबाई दंड दाबून म्हणाल्या. "तीनदा वळला. त्याची चूक एवढीच, की तिसऱ्यांदाही मालकाचं ऐकलं. आणि कोणामुळे मागे फिरलो नाही, ते तुला सांगायला कचरला."

इन्स्पेक्टरनं खलाशाच्या बेड्यांना किल्ली लावली. प्रेताची विटंबना केल्याचा गुन्हा राहील, पण खुनाचा नाही, असं काहीतरी ते सांगत होते. बहीण रडत हसत होती. खलाशानं मात्र सुटलेले हात परत पुढे केले.

"राहू द्या, साहेब. मी त्याला जिवंत समजूनच मारलं होतं. ताई, तू घरी जा."

"वेड्यासारखं करू नकोस," बहीण म्हणाली. "चल."

तो हलेना. तेव्हा तांडेलाची बायको उठली. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. ज्या हातानं तिच्या नवऱ्याच्या चिंधड्या केल्या, त्या हाताच्या बँडेजकडे बघून ती बोलली.

"उद्या सकाळी यांना न्यायचंय. मला मुलगा नाही. बोटीवरचा माणूस म्हणून खांदा द्यायला येशील?"

खलाशानं बेडीसाठी पुढे केलेले हात खाली घेतले.

"येईल," बहीण म्हणाली. "मी घेऊन येते त्याला."