तीन शिट्ट्या

"उद्या दहा वाजता त्या हरामखोराला कोर्टात आणतायत. मी त्याला पायरीवरच उडवणार," असं म्हणून एकनाथनं जॅकेट बाजूला केलं आणि पिस्तूल दाखवलं.

श्रीरंगच्या तोंडचं पाणी पळालं. तेल कंपनीनं नारळ दिल्यापासून हा भला जिऑलॉजिस्ट उत्तरा घारपुरेची गाडी चालवत होता. ह्यूस्टनमधली ही एकुलती एक मराठी डिटेक्टिव्ह. नवरा-बायकोच्या भानगडींपर्यंत ठीक होतं हो, पण पिस्तूल?

एकनाथ न्यू जर्सीत पिस्कॅटवेला पीएचडी करत होता. त्याची बहीण वीणा मार्च महिन्यात ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आपल्या घरात, स्वयंपाकघरात गळा आवळलेली सापडली. मनगटं बुटाच्या नाडीनं बांधलेली. नाडी म्हणजे सीरियल किलर टॉलिव्हर, हे पेपर वाचणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. जूनमध्ये तो पकडला गेला आणि त्यानं एकतीस खून कबूल केले. त्यात वीणाही होती.

"मग माझ्याकडे कशाला आलास?" उत्तरानं विचारलं.

"ताईच्या मैत्रिणीनं, सुलेखाताईंनी, बळंच पाठवलं. त्या म्हणतात, वीणाताई दाराला साखळी लावल्याशिवाय राहायची नाही, अनोळखी माणसाला आत घेणं शक्यच नाही. आणि दार तर फोडलेलं नव्हतं."

"सुलेखाताईंना अक्कल आहे. उद्या सकाळपर्यंत थांब. चुकीचा माणूस मारलास तर तू जन्मभर तुरुंगात, आणि ताईचा खुनी मोकळा."

एकनाथ दात आवळून म्हणाला, "सकाळपर्यंत. पुढे एक मिनिट नाही."

टॉलिव्हरच्या वकिलाकडून जबाबाची टेप मिळाली. श्रीरंगनं ती गाडीतच लावली. "मी आत गेलो, काम उरकलं, पाच मिनिटांत बाहेर. घर एकदम शांत होतं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती."

श्रीरंगनं टेप बंद केली. "पोहोचलेला आहे हो मेला!"

"पोहोचलेला आहेच. पण शेरिफ त्याला फोटो दाखवतो, सिगरेट देतो आणि हा हो म्हणतो," उत्तरा म्हणाली.

वीणाचा नवरा शैलेंद्र त्या आठवड्यात समुद्रातल्या रिगवर होता. अठरा साक्षीदार. बिचारा खंगून अर्धा झाला होता.

"तुम्ही आलात तेव्हा शेगडी?"

"बंद होती. कुकर तसाच होता. दोन दिवसांनी उघडला, तर डाळ कच्ची. तीही मीच फेकली."

उत्तरानं फोनचं बिल मागितलं. शेवटच्या आठवड्यात डब्लिन, ओहायोला तीन कॉल होते, एकाच नंबरवर.

"तिथे आमचं कुणी नाही," शैलेंद्र गोंधळला. "साताऱ्याचे कॉल असतात. वीणाची मामेबहीण पद्मिनी तिथे आहे. आमच्या इथल्या मित्राशी, गिरीशशी, डिसेंबरात तिचं लग्न. वीणानंच जमवलं."

शेजारच्या मिसेस हॉबसन कुत्र्याला मांडीवर घेऊनच बोलल्या. "आधी काहीतरी फुटल्याचा आवाज आला. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी ती वाफेची शिट्टी. रोज पाच शिट्ट्या वाजायच्या आणि हा माझा लाडका पाचही वेळा रडायचा. त्या दिवशी तीनदाच रडला. म्हटलं, सुटलो."

श्रीरंगला हसू आलं. उत्तरा हसली नाही.

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सुलेखाताई डोळे पुसत म्हणाल्या, "कुकर माझाच, अगं. नवा घेतला तेव्हा जुना तिला दिला. रिंग सैल झालीय, पाच शिट्ट्यांशिवाय डाळ शिजत नाही, हे शंभरदा बजावलं होतं मी."

गिरीश अपार्टमेंटमध्ये एकटा राहायचा. आत खिचडीचा कुकर लावलेला. तो दोन्ही खुर्च्या पुसून "बसा ना ताई" म्हणाला. फार अदबशीर माणूस.

"वीणावहिनी म्हणजे मोठी बहीण होती मला. तो टॉलिव्हर फासावर जायला हवा."

"इथे यायच्या आधी कुठे होतात?"

"कोलंबसला, दोन वर्षं..." तिसरी शिट्टी झाली. गिरीशनं न बघताच हात मागे नेऊन बटण फिरवलं. "जॉब बरा होता, पण थंडी फार."

संध्याकाळी सात वाजता उत्तरानं सगळ्यांना शैलेंद्रच्या घरी बोलावलं. शेरिफचा माणूस बाहेर गाडीत बसवला होता.

"टॉलिव्हर राक्षस आहे, पण हा खून त्याचा नाही," तिनं सुरुवात केली. "कुकरची वाफ कोंडत असताना घर शांत कसं? शिट्टी वाजली की कुत्रं रडतं, आणि टॉलिव्हरला घड्याळ ऐकू येतंय! तो म्हणतो पाच मिनिटांत बाहेर पडलो, मग पंधरा मिनिटांनी शेगडी बंद कुणी केली?"

"पण कुकर वीणानंच बंद केला असेल," श्रीरंग म्हणाला.

"ती पाचव्या शिट्टीला बंद करायची. आवाज आधी झाला, शिट्ट्या नंतर. तेव्हा ती गेलेली होती. परका माणूस पहिल्याच शिट्टीला दचकून पळाला असता. हा थांबला, काहीतरी शोधत राहिला, आणि तीन झाल्यावर सवयीनं हात गेला. म्हणजे आपल्यातलाच, पण या घरचा नाही. शैलेंद्र रिगवर. सुलेखाताईंना तर स्वतःच्या कुकरची खोड पाठ. राहिला कोण?"

सगळ्यांच्या माना गिरीशकडे वळल्या.

"तीन शिट्ट्या सगळेच करतात!" तो ओरडला.

"करतात. पण साखळी काढून वीणा सगळ्यांना आत घेत नव्हती. आणि डब्लिन हे कोलंबसचंच उपनगर. मी तो नंबर फिरवला. बाईनं नाव सांगितलं, मिसेस गिरीश. चार वर्षांचा मुलगाही आहे. वीणानं तिच्याकडून सगळं ऐकलं, लग्नाचा दाखला मागवला. शनिवारी ती साताऱ्याला कळवणार होती. हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही गुरुवारी आलात. तो दाखला शोधलात, आणि नाडी बांधून टॉलिव्हरच्या नावावर पावती फाडलीत."

गिरीश खुर्चीतून उठला. "मी समजवायला आलो होतो. ती ऐकेचना! एक आठवडा दे म्हटलं, तर म्हणाली, पद्मिनीच्या आयुष्याचा एक दिवसही देणार नाही."

एकनाथनं पिस्तूल काढलं. सुलेखाताई किंचाळल्या. श्रीरंग उठला खरा, पण मधे पडला नाही. बहिणीच्या गळ्यावर ज्याचे हात होते तो माणूस सात महिने या घरात जेवला, रडला, खांदा दिला. श्रीरंगला वाटलं, घालावी गोळी. खरंच वाटलं.

"फोन उचल," एकनाथ म्हणाला. "साताऱ्यात आता उजाडतंय. पद्मिनीला सांग. तुझ्या तोंडानं."

गिरीश गुडघ्यांवर आला. "नको रे. तू गोळी घाल, हवं तर आत्ता घाल. तिला नको. ती मला देव मानते."

एकनाथ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पिस्तूल श्रीरंगच्या हातात दिलं आणि स्वतःच पद्मिनीचा नंबर फिरवायला घेतला.