शिवेवरचा चीक

ओमकारला तुम्ही ओळखता. स्कुबाला आलेल्या पर्यटकांना लाइफ जॅकेटं बांधतो तो. आता कोणाशी दोन शब्द जास्त बोलत नाही, पण पूर्वी असा नव्हता. हसा, माझ्या तोंडावर बॅटरी मारा, काय करायचं ते करा. मात्र उठून घरी जायचं असेल तर आत्ताच जा. अर्धवट ऐकून माडांतून एकट्याने जाणं बरं नाही.

गेल्या वर्षी चैत्र अमावस्येला त्याच्या बायकोला, संचिताला, दवाखान्यातून घरी सोडलं. अमावस्येला बाळंतीण घरात आणायची म्हणून त्याची आई मथुरा कुरकुरली, पण दवाखान्याला खाट रिकामी हवी होती. संचिताला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. पोरगा झालेला, ठणठणीत.

संध्याकाळी मथुरा खोलीतून बाहेर आली ती हातात वाटी घेऊन. वाटीत चीक होता, म्हणजे बाळंतिणीचं पहिलं पिवळसर दूध. हेच बाळाला पाजा म्हणून नर्सने दहादा बजावलं होतं. मथुरेने ते ऐकून घेतलं आणि घरी आल्याबरोबर पिळून काढलं.

"ता दूध जड. पोराक बाधता," ती म्हणाली. "जा, माडाच्या मुळात ओत. कोणाचो पाय पडता नये."

यांचे माड गावच्या शिवेपलीकडे. ओमकार वाटी सांभाळत निघाला. शिवेवर पोचला नाही तोच फोन वाजला. होडीवाला शिव्याच घालत होता, मुंबईची पार्टी किनाऱ्यावर खोळंबलेली. एका हातात फोन, एका हातात वाटी, आणि माड अजून दोन शेतं पलीकडे. त्याने तिथेच दगडावर वाटी उपडी केली आणि पळाला.

तो दगड तुम्हाला माहीत आहे. अमावस्येला गाव तिथे भात आणि नारळाची कवड ठेवतं. बाहेरच्यांचा वाटा. का ठेवतात ते कोणी विचारत नाही, आणि तिथे ठेवलेलं कोणी परत उचलत नाही. तिथे ठेवलं, की दिलं.

दुसऱ्या दिवसापासून पोर अंगावर प्यायला तयार होईना. तोंडात घ्यायचं, सोडायचं, रडायचं. संचिताची छाती दगडासारखी भरलेली, हात लावू देईना. कोणीतरी ओमकारला वेंगुर्ल्याच्या ग्लिनिसचा नंबर दिला. गोव्यात शिकून आलेली, बाळ अंगावर कसं घ्यायचं ते आयांना शिकवणारी. एवढ्या लांब किनाऱ्याला ती एकटी. आठवड्यातून एक दिवस मालवणात बसायची, तो दिवस कालच होऊन गेलेला. ओमकारने फोन केला तर ती म्हणाली, घरी बोलवायचं तर दीड हजार, जाण्यायेण्याचं वेगळं.

मथुरा हसली. "पाजूक शिकवणी? म्हशीक कोणी शिकवल्यान? तेवढ्या पैशात बारसा होयत."

 आईपुढे बोलायची ओमकारची कधी प्राज्ञा नव्हती. आणि दुसऱ्या सकाळी भांडणाचं कारणच उरलं नाही. संचिता उठली ती हसत. छाती हलकी झालेली.

"रातीक पिलो," सासू चुलीपाशी होती तेव्हा ती ओमकारला म्हणाली. "पोटभर. आई कितक्या हळू आणून ठेवतत, माका जागसुद्धा येना नाय. फक्त उजेड नको. उजेड केलो की सोडता."

पोर प्यालं एवढंच ऐकून मथुरेने ओमकारकडे अशी नजर टाकली, जणू दीड हजार रुपये तिनेच कमावून आणले होते. पोर दिवसभर पाळण्यात शांत पडून होतं. रडणं बंद. पोट भरलंय, आणखी काय, असं सगळे धरून चालले. साखरपाण्याचा चमचा लावला तर ओठांवरून ओघळून गेला. त्याचंही कोणाला काही वाटलं नाही.

रात्री पुन्हा पिणं. सकाळी पुन्हा संचिताचं ते हसू.

मग आली अक्षय तृतीया. घरी पुरणपोळी झाली. ओमकार रात्री होड्या ओढून परत निघाला तेव्हा चंद्राची कोर बुडून गेली होती. वाटेत ग्लिनिसचा फोन. पैसे नाहीत, बोलावणं नाही, तरी बाईने आपणहून चौकशी केली.

"बाळ पितंय का आता?"

"होय मां. रातीक पिता."

"दिवसाला लंगोट किती भिजतात?"

ओमकार थांबला. दोरीवर सकाळपासून एकही लंगोट वाळत नव्हता. काल...? कालही नव्हता.

"ओमकार, पोराच्या पोटात काय गेलेला नाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

"अगो, पण बायल सांगता, रातीक पोटभर..."



"मगे रातीक पिता ता कोण?"

ओमकार धावत घरी आला. मथुरा पडवीत निजली होती. त्याने तिला हलवलं.

"आये, तू रातीक पोराक तिच्याकडे नेऊन देतंस मां?"

"मी? मी खंय? मी हयसरच निजतंय. तीच उठान घेता."



खोलीचं दार लोटलेलं. आत काळोख. ओमकारने दार ढकललं आणि कान दिला.

घोट... घोट... घोट.

पोर पीत होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. चाचपडत तो पुढे झाला. हात पाळण्याला लागला.

पाळणा रिकामा नव्हता.

त्याने मोबाइलचा उजेड केला. पोर उताणं. तोंड उघडं. ओठ कोरडे, सुकलेले. छाती हलते की नाही... हलत होती. जेमतेम.

घोट... घोट...

उजेड खाटेकडे वळवायला त्याचा हात तयार नव्हता. त्याने वळवला.

संचिता कुशीवर. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर सुख. एक हात गोधडीवर थोपटत होता. गोधडीखाली कोणीतरी आखडून निजलेलं. लांब. गोधडी पुरत नव्हती. खालून दोन पावलं बाहेर आलेली.

मोठी. भेगाळलेली. बोटांत जोडवी.

"उजेड नको रे..." संचिता झोपेतच म्हणाली. "आता खंय लागलो हा..."

आवाज थांबला.

गोधडी हळूहळू खाली बसली. ओमकारने ती ओढली. खाली कोणी नव्हतं. संचिताचे हात अंथरूण चाचपत राहिले.

"कोणी काढल्यान त्येका? कोणी काढल्यान माझ्या पोराक?"

ओमकारने पाळण्यातून पोर उचललं. शेजाऱ्याच्या रिक्षात बसला. वाटेत त्याने एकदा त्याला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मारायला नावच नव्हतं. बारसं व्हायचं होतं. दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोर पोचलं नाही. डॉक्टर म्हणाले, पोटात थेंब नव्हता.

मला राग येतो, पोरांनो. मथुरेचा येतो, त्या मुखदुर्बळ ओमकारचाही येतो. आणि अख्ख्या किनाऱ्याला शिकवणारी एकच बाई, तीही पैसे असतील त्याच्या घरी जाणार, याचा तर फार येतो. सकाळी ग्लिनिस स्वतःच्या खर्चाने आली आणि अंगणातूनच परत गेली. ती वेळेवर यायची तर तिची फी होती. त्या दुसरीची फी नव्हती. ती लगेच आली.

पुढचं ऐका, आता थोडंच राहिलंय. पोर गेलं तरी आईचं दूध थांबत नाही. ते आटवायला आपल्याकडे मोगऱ्याच्या कळ्या छातीला बांधतात. मथुरेने फडक्यात ओंजळभर कळ्या घालून बांधल्या, पाठीवर करकचून गाठ मारली. संचिता नको नको म्हणत होती. दूध आटवू नका, रातीक त्येका काय देऊ, असं विचारत होती. मथुरा ढसाढसा रडली, पण गाठ मारलीच.

त्या रात्री ओमकार बायकोच्या खाटेशी बसून राहिला. ट्यूब चालू. दाराला आतून कडी. डोळ्याला डोळा लावला नाही असं तो शपथेवर सांगतो, आणि ते पोरगं खोटं बोलणारं नाही. कोणी आलं नाही. कसला आवाज झाला नाही...

पहाटे त्याने हात लावून बघितलं. संचिताची छाती हलकी होती. पाठीवरची गाठ मथुरेने मारली तशीच, करकचून. फडक्यात एकही कळी नव्हती. सगळ्या कळ्या तिच्या उशीजवळ पडल्या होत्या, चावून थुंकलेल्या.